गाईंच्या सिनेमाचं निवेदन

नाही रे हेमंत, इंग्रजी मला तेव्हाही येत नव्हतं आणि आजही येत नाही — हे एवढं पत्रिकेत छापू नका म्हणजे झालं! काय छापलंय, बघू — ‘इंग्रजी चित्रपटांचे रसाळ निवेदक श्री. नरहरकाका’ — वा, रसाळ! फोटो कुठून मिळवलात हा? डोक्यावर केस आहेत म्हणजे तेव्हाचाच. बस ना, खुर्चीवरचे कपडे सरकव तिकडे, सुनेला सांगतो चहा टाकायला. सरकारी क्वार्टर आहे बाबा मुलाचं, शिवाजी नगरात सगळ्यांची हीच गत, दोन खोल्या आणि बाकी सामान. तर तोच सिनेमा? सीडी मिळाली? आणि तेच मैदान, क्लबचं, येत्या रविवारी? आणि आवाज बंद करून माईक माझ्या हातात? अरे, तीस वर्षं झाली. तुझ्या वडिलांनी, विनायकरावांनी, माझ्या हातात पहिल्यांदा माईक दिला ना, तेव्हा तुझा जन्मही झाला नव्हता. कारखान्याच्या क्लबात महिन्यातून एकदा इंग्रजी सिनेमा यायचा, पेटीत रिळं, चार नाहीतर पाच, आणि समोर सगळे आमच्यासारखे — फिटर, टर्नर, स्टोअरकीपर, कोणी मिरजेचा, कोणी उज्जैनचा, कोणी छिंदवाड्याचा — इंग्रजी कोणाच्या बापाला येतंय? साहेबलोक पुढे खुर्च्यांवर, त्यांना येत असेल. बाकी हजार माणूस सतरंजीवर. म्हणून ठरलं, एकाने माईकवर सांगत राहायचं काय चाललंय ते. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. आता सांगणाऱ्यालाच कळत नसेल तर? तर तो मनाने सांगतो! काय फरक पडतो? पडद्यावर ओठ हलतात, मी बोलतो, लोक हसतात. पुढच्या खुर्च्याही हसायच्या — त्या सिनेमाला नाही, मला हसायच्या, हे मला माहीत होतं. असू दे म्हटलं, हसतायत ना.

माझी एक युक्ती होती, सांगतो तुला, रविवारी वापरणारच आहे. पडद्यावरच्या माणसांना आपल्या टाऊनशिपची नावं द्यायची. गोरा शेरीफ आला की म्हणायचं, ‘हे बघा आले आपले कॅन्टीन मॅनेजर, बटाटेवडा मोजायला.’ बस्स! मैदान डोक्यावर. आणि मारामारी आली की मग तर मेजवानीच. मारामारीला लोक जसे हसतात ना, तसे विनोदाला हसत नाहीत. एक जण दुसऱ्याच्या डोक्यात खुर्ची घालतो, तो पडतो, उठतो, पुन्हा खातो — हशा! आवाज मी तोंडाने काढायचो. गुद्द्याचा वेगळा, काठीचा वेगळा. काठीचा असा, जीभ टाळ्याला लावून — ठक्क! ऐकलंस? अजून जमतं. दात गेले खालचे, तरी जमतं. ठक्क! सून बघते आहे बघ दारातून, सासऱ्याला काय झालं म्हणून.

तर तो गाईंचा सिनेमा. तू पाहिलास ना सीडीवर? तुला इंग्रजी येतं, तू खराखुरा पाहिलास. मला जेवढं कळलं ते सांगतो. अमेरिकेतले ते नवाहो लोक — आपण तेव्हा सरसकट रेड इंडियन म्हणायचो — त्यांची जमीन सरकारने घेतलेली, आणि त्यांना एक तुकडा दिलेला, खडक आणि लाल माती, त्याला म्हणायचं रिझर्व्हेशन. मला रिझर्व्हेशन म्हटलं की दादर-अमृतसर आठवायची, दुसरं काय. पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या पाळणारे लोक, आणि सरकारला सुचलं की यांनी गाई पाळाव्यात. पाठवल्या पन्नास-साठ गाई, एक वळू आणि शिकवायला एक गोरा अधिकारी, ज्याला घोड्यावर बसता येत नाही. पहिल्या रिळात तो सात वेळा पडतो. सात! मी प्रत्येक वेळी वेगळा आवाज काढला. मग सरकारचंच डोकं फिरतं, गाई परत द्या म्हणतं. आणि ती म्हातारी — मखमली पोलकं, गळ्यात चांदीचे हे एवढाले मणी, आपल्या बंजारणीसारखी — ती आणि तिचे दोन भाचे गाई लपवतात. कुठे शाळेत, कुठे चर्चमध्ये, एक गाय तर पलंगावर चादर घालून. आणि अधिकारी शोधतोय. आहे की नाही मजा? मजाच आहे. सिनेमा चांगलाच होता रे. सिनेमाची काही चूक नाही.

चूक कसली म्हणून काय विचारतोस — असंच म्हटलं. बोलण्याची पद्धत असते एक. चहा घे.

बदामीलाल तुला माहीत नसणार. विनायकराव बोलले होते कधी? नसतील बोलले. दूधवाला होता आमचा, म्हणजे दूधवाला नंतर झाला, आधी शेतकरी. जिथे आपलं सी सेक्टर आहे ना, शाळा आणि भाजी बाजार, तिथे त्याचं गाव होतं. कारखाना आला, गाव उठलं, नोकरी देतो म्हणाले, ती काही दिली नाही, तो बापडा चौदा गाई घेऊन भिंतीपलीकडे झोपडीत राहिला. आता गाईंना भिंत कळते का? जिथे चरायची सवय तिथेच जाणार. कोणाच्या बागेत झेंडू खा, कोणाच्या जाफराण्या — नाव काय त्या फुलाचं, जाऊ दे — साहेबांच्या बंगल्यात घूस. तक्रारी. त्यात दिल्लीहून मंत्री यायचे ठरले, आणि सुरक्षा विभागाला हुकूम आला, टाऊनशिपच्या हद्दीत एक जनावर दिसता कामा नये, दिसेल ते उचला आणि कांजी हाऊसला टाका — कोंडवाड्यात रे, आपण कोंडवाडा म्हणतो. एकदा कोंडवाड्यात गाय गेली की दंड भरेपर्यंत उपाशी, म्हणजे मेलीच ती. सुरक्षेचे जे साहेब होते ते फौजेतून आलेले, सगळे त्यांना कप्तानसाहेब म्हणायचे. पंधरा माणसं, काठ्या, आणि एक जीप. त्यांनी सगळी टाऊनशिप पालथी घातली, भिंतीपलीकडच्या झोपड्याही. गाई सापडल्या नाहीत. एकही नाही!

कुठे होत्या माहीत आहे? माझ्याकडे! अरे हो, माझ्याकडेच, म्हणजे स्टोअरच्या जुन्या शेडमध्ये, पाण्याच्या टाकीमागे. बांधकामाचं भंगार ठेवलं होतं तिथे, केबलची रिकामी लाकडी चाकं, पत्रे. मी स्टोअरकीपर, किल्ली माझ्या कमरेला. बायकोला, प्रमिलेला, तेव्हा सातवा महिना होता, आमच्या सुभाषच्या वेळचा, डॉक्टरणीने दूध प्यायला सांगितलेलं, आणि बदामी रोज सकाळी आमच्या ओट्यावर कासंडी घेऊन बसायचा, प्रमिलेसमोर, ‘भाभीजी, पहले आप, फिर पूरी कॉलोनी.’ एक दिवस त्याने माझे पायच धरले. ‘बाबूजी, आठ दिन की बात है, मंत्री जाएँ तो निकाल लूँगा. गैया आवाज नहीं करेंगी.’ दिली किल्ली, रोज रात्री चारा-पाण्यापुरती न्यायचा आणि लगेच परत आणून द्यायचा. का नाही द्यायची? चांगलंच काम केलं की नाही मी? मी केलं हे. हे पण लिही कुठे लिहीत असशील तर. सबंध टाऊनशिपमध्ये एकट्या नरहरने केलं. तिघांना माहीत होतं, मला, त्याला आणि प्रमिलेला.

आणि त्याच आठवड्यात हा सिनेमा.

पहिली दोन रिळं काय गेली म्हणून सांगू! लोक लोळत होते. मी त्या अधिकाऱ्याला कप्तानसाहेब करून टाकलं. खुद्द कप्तानसाहेब पुढच्या ओळीत, खुर्चीवर, बायकोसकट! मी म्हणालो, ‘पाहा कप्तानसाहेब निघाले, घोडा म्हणतो मला नको.’ धप्प! ते स्वतः मांडी थोपटून हसत होते. आणि बदामी — तो तारेबाहेर, पडद्याच्या मागच्या बाजूला. बाहेरची मंडळी तिथूनच बघायची, त्यांना सगळं उलटं दिसायचं, उजवं डावीकडे. पण ऐकू तर सुलटंच यायचं ना. त्याचं हसणं मला ओळखू येत होतं, कोंबडं आरवल्यासारखा हसायचा. त्याला कळलं होतं की हा बाबूजी माझीच गोष्ट सांगतोय. खूश होता रे तो. फार खूश होता.

मग तिसरं रीळ. त्यात काय आहे, ती म्हातारी आणि अधिकारी समोरासमोर बसतात, चुलीशी, कॉफी पीत, आणि म्हातारी बोलत राहते. नुसतं बोलतेच आहे. तिच्या भाषेत, इंग्रजीतही नाही. कोणी पडत नाही, कोणी मारत नाही, गाय नाही, घोडा नाही. पाच मिनिटं! तुला माहीत नाही माईक हातात असताना पाच मिनिटं म्हणजे काय. मी दोन विनोद टाकले, कोणी हसलं नाही. मागून एक जण खोकला. लहान पोरं उठून हुंदडायला लागली. हजार माणूस गप्प आहे आणि माईकमधून माझा श्वास ऐकू येतोय. मी सदाशिवला खूण केली, मशीनवर तो होता, पुढे सरकव म्हणून, तो मान हलवतो, रीळ कसं सरकवणार? काहीतरी बोलायला हवं होतं. काहीही. आणि मी बोललो. ‘अहो कप्तानसाहेब, कॉफी काय पीत बसलात, बदामी की गैया तो पानी की टंकी के पीछे है, भंगार के शेड में!’

असा हशा, हेमंत — असा हशा मी जन्मात ऐकला नाही. शिट्ट्या. टोप्या उडाल्या. लोकांना वाटलं काय भन्नाट कल्पना आहे, भंगाराच्या शेडमध्ये गाई! मलाही क्षणभर तेच वाटलं. खरं सांगतो. वाक्य तोंडातून गेलं आणि हशा आला, आणि मी त्या हशातच उभा होतो. मग पडद्यामागून येणारं ते कोंबड्यासारखं हसणं बंद झालं. तेवढं एकच बंद झालं.

काय? ती म्हातारी तिथे काय बोलते? खाली इंग्रजीत लिहून येतं? — नको. नको सांगूस. तीस वर्षं नाही कळलं, आता कळून काय करू. सांगू नकोस म्हटलं ना!

तर — कुठे होतो — हां. संपल्यावर लोकांनी मला खांद्यावर घेतलं. कप्तानसाहेब आले, हात दाबला माझा, ‘क्या मज़ा करा दिया, नरहर बाबू.’ हसत होते. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं, तिथे काही दिसलं नाही मला. चेष्टा कोण खरी धरतं? प्रमिला सोबतच घरी आली. दारात म्हणाली, ‘जाऊन सांगा त्याला, आत्ता, गाई हलव म्हणून.’ मी म्हटलं, अगं, फौजी माणूस आहे, विनोद कळतो त्याला. आणि दमलो होतो मी. तीन तास बोलून घसा बसला होता. गेलो नाही. एवढं लहान काम होतं, अर्ध्या मैलावर झोपडी. नाही गेलो.

सकाळी भोंग्याच्या आधी जीप दारात. किल्ली घेऊन चला. शेडपाशी पोचलो तर बदामी आधीच तिथे, कडी धरून, मागचा पत्रा उचकटून चार गाई काढल्या होत्या त्याने, दहा आत. रात्रभर एकट्याने ओढत होता पत्रे, हात फाटलेले. मला बघितलं त्याने. कप्तानसाहेब म्हणाले, ‘किसने दी चाबी?’ बदामी म्हणाला, ‘ताला टूटा था, साहब.’ कुलूप तर समोर धड लटकतंय! पहिली काठी तिथेच बसली, पोटरीवर. मी कुलूप उघडलं. मीच उघडलं, माझीच किल्ली. ती माणसं आत घुसली आणि गाईंच्या शिंगांवर, नाकाडांवर काठ्या घालायला लागली — बंद शेड, पत्र्याचं छप्पर, जनावर बिथरलं म्हणजे काय होतं ठाऊक आहे? एकीचा पाय त्या केबलच्या चाकात गेला आणि मोडला, हाड बाहेर, आणि ती तशीच तीन पायांवर उड्या मारतेय, खाली वासरू. वासराचं काय झालं ते सांगत नाही, चहा पितो आहेस. बदामी दारात आडवा झाला, हात पसरून. त्याच्यावर चौघं. मी तोंडाने काढायचो ना तो आवाज, ठक्क — तसा येतच नाही खरा. हाडावर काठी बसली की ओल्या गोणीवर मारल्यासारखा येतो. आणि कोणी हसत नाही. एक हसला खरा, एक शिपाई, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, ‘बाबूजी, कमेंट्री करो ना.’

करत नव्हतो रे! उभा होतो मी. किल्ली हातात. मग कप्तानसाहेबांनी एक काठी माझ्या पुढे केली. म्हणाले, स्टोअर तुमचं, कुलूप धड, आणि गाई आत — मी समजायचं काय? तुम्ही यात नाही ना? मग दाखवा. आता तूच सांग, घरात पोटुशी बायको, कायम नोकरीला एक वर्ष बाकी, क्वार्टर त्यांचं — काय करशील तू? लाव की एक, नावाला, पायावर. मी हेच म्हणत आलोय. प्रमिलेलाही हेच सांगितलं, की नावाला एक, पायावर. ती मरेपर्यंत हेच सांगितलं, आणि तिने त्या दिवसापासून घरात दुधाचा थेंब येऊ दिला नाही. तिला खरं वाटलं नाही, आणि तिने विचारलंही नाही परत.

तू का असा बघतोस? विचार ना. विचार, पायावर होती का म्हणून.

बदामीने तोंड उघडलं होतं. गुडघ्यावर होता, रक्त गळत होतं भुवईतून, आणि माझ्याकडे बघून त्याने तोंड उघडलं. ‘बाबूजी—’ एवढंच म्हणाला. पुढे काय म्हणणार होता? बाबूजी, बचाओ — असेल. बाबूजी, गैया — असेल. की बाबूजीने दी चाबी? मी थांबलो नाही ऐकायला. तोंडावर मारली. तोंडावरच मारली, हेमंत, दोन्ही हातांनी धरून, जितका जोर होता तितका, आणि परत मारली, ओठ होते तिथे, दात पडले ते माझ्या चपलेवर पडले, आणि तो पडला तरी मी मारत होतो, कप्तानसाहेबांनी माझी काठी धरली, ‘बस, बस, बाबू, मर जाएगा.’ त्यांनी! त्यांनी थांबवलं मला. आणि माझं नाव त्याने तोपर्यंत घेतलं नव्हतं. कुलूप तुटलेलं होतं म्हणत होता शेवटपर्यंत. घेणारच नव्हता तो नाव. मला काय माहीत? नाही, माहीत होतं. माहीत होतं.

चौथ्या दिवशी गेला. वळूने तुडवला असं लिहिलं गेलं, साक्षीला माझी सही, सगळ्यात पहिली. चौदा गाईंत वळू एकही नव्हता, वळू सिनेमात होता! कोणी विचारलं? कोणी नाही विचारलं. मंत्री आले, टाऊनशिप स्वच्छ होती. तुझे वडील म्हणाले, ‘नरहर, सिनेमा जरा काही दिवस थांबवू.’ माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यानंतर माझ्या हातात कोणी माईक दिला नाही, आणि आता तू आलास, हसत-हसत, पत्रिका घेऊन, आणि मी पण तासभर उड्या मारतोय इथे — ठक्क आणि धप्प!

नाही जमायचं मला. सांग त्यांना, काकांची तब्येत बरी नाही. नाव छापलंय तर छापू दे. दुसरा कोणी बघा निवेदनाला, नाहीतर असाच लावा, त्याच्या स्वतःच्या आवाजात, ती म्हातारी जे बोलते ते बोलू दे तिला. उठलास? हां, ऊठ. कोणाला सांगणार आहेस? सांग. नको सांगूस. तुला वाटेल ते कर.

थांब जरा. रविवारी — लोक किती येतील म्हणालास? सातशे?

सातशे.

नीघ तू. नीघ म्हटलं ना, नीघ आधी इथून!